बागेला दुपारचं कुलूप

कट्टेकरी
रविवार, रात्री १०:१२

बहिणीचा मुलगा सुट्टीला आलाय साताऱ्याकडून. वय वर्षं नऊ. आज जेवणं झाल्या झाल्या चेंडू घेऊन दारात उभा. "मामा, चल."

घराजवळच्या बागेशी गेलो तर फाटकाला कुलूप. भाच्याला पाट्या मोठ्याने वाचायची सवय आहे. चेंडू खेळू नये. सायकल आणू नये. हिरवळीवर बसू नये. फुले तोडू नयेत. खाद्यपदार्थ आणू नयेत. अकरा 'नये' मोजले त्याने. मग विचारलं, "आत जाऊन करायचं काय मग?" म्हटलं, फिरायचं. "ते तर आपण रस्त्यावर फिरतोयच की."

पुढच्या मैदानात मांडव. लोणची, पायपुसणी, झटपट पोळ्या लाटायचं यंत्र. शेवटी बसने शिवाजी पार्कला गेलो. तिथे एकात एक घुसलेल्या इतक्या मॅचेस चालू होत्या की भाच्याचा चेंडू पाचव्या मिनिटाला कुणाच्या तरी थर्ड मॅनकडे गेला आणि त्या बिचाऱ्याने तो इमानदारीत आपल्या कीपरकडे फेकला.

मुंबईत माणशी मोकळी जागा साधारण सव्वा चौरस मीटर, हा आकडा आपण सगळ्यांनीच कुठे ना कुठे वाचलाय. घरातली सहा बाय तीनची चटई त्याहून मोठी भरते. शहरनियोजनाची केंद्राची २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वं माणशी १० ते १२ चौरस मीटर म्हणतात. जागा कमी आहे हे मान्यच. पण आहे ती चटईसुद्धा दुपारी गुंडाळून ठेवायची, हे काय गौडबंगाल आहे? दुपारी बाग बंद ठेवल्याने नक्की कुणाचं काय वाचतं?

तुमच्याकडची बाग किती वाजता उघडते, किती वाजता मिटते, आत काय करू देतात, ते लिहा. पक्षीय राजकारण नको.

आगाऊ_कार्ट
रविवार, रात्री १०:२०

राजकारण नको म्हणजे धागा चार प्रतिसादांत आटपणार. पॉपकॉर्न परत ठेवून येतो.

लेगबाय
रविवार, रात्री ११:०५

भाच्याला सांगा, थर्ड मॅनने चेंडू परत दिला म्हणजे मैदानाने त्याला आत घेतलं. आझाद मैदानात आमच्या पॉइंटवर दुसऱ्याच मॅचचा लाँग ऑन उभा असायचा. त्याच्याशी दोन ओव्हरमध्ये ओळख व्हायची, तिसऱ्या ओव्हरला तो आपल्या बॅट्समनला शिव्या घालायचा. १९८८ साली तेंडुलकर-कांबळींची ६६४ ची भागी झाली ती याच आझाद मैदानात. स्टेडियमही नाही आणि कुंपणाच्या आतली हिरवळही नाही.

पाटीवरच्या 'नये'चा इतिहास मात्र जुना आहे बरं का. ओव्हल, क्रॉस, आझाद, कूपरेज हे सगळे एकाच एस्प्लनेडचे तुकडे. किल्ल्यासमोर इंग्रजांनी ते रान मोकळं ठेवलं कारण तोफेच्या आणि शत्रूच्या मध्ये काही येऊ नये. मुंबईतलं पहिलं 'नये' ते. १८६० च्या दशकात तटबंदी पाडली आणि रान उरलं. मग गोऱ्या साहेबांचे पोलोचे घोडे तिथे धावायला लागले. देशी पोरांच्या खेळपट्ट्या टापांखाली उखडायच्या. १८८० च्या दशकात इथल्या क्रिकेटवाल्यांनी त्याविरुद्ध सरकारदरबारी अर्जांवर अर्ज केलेत. पुढे समुद्राकाठी पारशी, हिंदू, इस्लाम जिमखान्यांना जागा मिळाल्या. म्हणजे मैदानावर कुणाचा हक्क, हे भांडण सव्वाशे-दीडशे वर्षं तरी चालूच आहे.

माझं मत विचाराल तर मैदान चांगलं कधी? जेव्हा तिथे काही नसतं तेव्हा. बाक नको, कारंजं नको, सेल्फी पॉइंट तर नकोच नको. कांगा लीग १९४८ पासून भर पावसात खेळतात. आउटफील्डला गवत घोट्याच्या वर, फोर मारायचा तर चेंडू उचलूनच मारावा लागतो. त्या गवताला कुणी 'सुशोभीकरण' म्हणत नाही, पण पोरगा उंच फटका मारायला तिथेच शिकतो.

सुमीची_आई
सोमवार, सकाळी ७:३८

लेगबायदादा, लिहिलंय छान. पण तुमच्या त्या पॉइंटवर आणि लाँग ऑनवर कधी एखादी मुलगी उभी होती का हो?

मी मुलीला संध्याकाळी मैदानात नेते. ती अकरा वर्षांची आहे, कबड्डी शिकते. मागच्या आठवड्यात सहज मोजलं. खेळणारी पोरं पन्नासच्या वर असतील. मुली सहा, त्यातल्या चार कडेला बसून भावाची चप्पल सांभाळत होत्या. कुणी त्यांना हाकललं नव्हतं. पण मधली जागा आधीच भरलेली असते, आणि ती सोडा म्हणायला लागणारा आवाज मुलींना आपण लहानपणापासून शिकवतच नाही. तेव्हा 'मैदानात काही नको, नुसतं मोकळं सोडा' हे ऐकायला बरं, पण मोकळं सोडलं की दांडगा तो घेतो. आमच्या कबड्डीच्या सरांनी आठवड्यातले दोन दिवस पाच ते साडेसहा मुलींसाठी बांधून घेतले, भांडून घेतले, तेव्हा वीस मुली झाल्या.

आता कुलपाचं. दुपारी बाग बंद का, तर जोडपी बसतात म्हणून. हे कुणी पाटीवर लिहीत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं. बसेनात का! एकाच खोलीत सात माणसं राहणाऱ्या शहरात दोघांनी बोलायचं कुठे? पण मला खरी काळजी दुसऱ्यांची वाटते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी सकाळची तीन घरं करून एकला मोकळ्या होतात, पुढचं काम चारला. घरी जाऊन यायचं तर रिक्षाचे पैसे जातात. त्या तीन तास कुठे असतात माहितीये? आमच्या जिन्यात. बाग समोर, सावली आत, बाक रिकामा आणि फाटकाला कुलूप.

आणि स्वच्छतागृह. बागेत असतं, किल्ली 'मावशींकडे' असते, मावशी 'आत्ताच गेल्या' असतात. यावर वेगळा धागा काढावा लागेल.

कट्टेकरी
सोमवार, सकाळी ८:०१

सुमीच्या आई, जिन्यातल्या मावशींचं वाचून गप्प झालो. मी पोराच्या बाजूनेच विचार करत होतो.

साळसूद
सोमवार, सकाळी ९:१५

माझा प्रतिसाद आवडणार नाही, तरी लिहितो.

माझं घर मैदानाला लागून आहे, पहिला मजला. तीन वर्षांत सहा काचा. रात्री साडेअकराला टेनिस बॉलची मॅच, कुणीतरी स्वतःचे फ्लडलाइट आणतं. सकाळी बाटल्या. सणासुदीला स्पीकर, आणि माझी आई ८४ वर्षांची. तक्रार केली की 'काका, तुम्हाला खेळाची आवडच नाही' असं ऐकायचं. मीही कॉलेजात खो-खो खेळलोय.

तुम्ही मंडळी दोन तास येता आणि घरी जाता. आम्ही तिथे राहतो. शिवाजी पार्क शांतता क्षेत्र व्हावं म्हणून रहिवासी उच्च न्यायालयात गेले आणि २०१० साली तसा आदेश झाला, तेव्हा त्यांनाही खेळाचे शत्रू म्हणूनच हिणवलं गेलं. धुळीचंही तेच. मैदानावर लाल माती आहे. उन्हाळ्यात वारा सुटला की ती समोरच्या घरांतल्या चादरींवर, देवघरात आणि फुप्फुसात जाते.

कुलूप मला आवडतं असं नाही. पण कुलूप काढल्यावर रात्री तिथे जबाबदार माणूस कोण, हे आधी सांगा.

आगाऊ_कार्ट
सोमवार, सकाळी ९:३१

सहा काचांपैकी एक बहुतेक माझी. क्षमस्व.

हजारी_मोगरा
सोमवार, दुपारी २:४७

बागकामाच्या नोकरीत ३१ वर्षं काढली. कुठे ते विचारू नका, पेन्शन चालू आहे.

दुपारच्या कुलपाचं साधं कारण सांगतो. माळी सकाळी लवकर येतो, दुपारी सुटतो. संध्याकाळी रखवालदार येतो. मधले तीन-चार तास बाग कुणाच्याच हजेरीपटावर नसते. बाकी जोडपी, पाणी घालणं, झाडांची विश्रांती ही सगळी नंतर सुचलेली कारणं. 'झाडांना दुपारी झोप लागते' असं मी स्वतः एका साहेबांच्या तोंडून ऐकलंय.

खरं दुखणं बागेच्या आखणीत आहे. हे समुद्रकाठचं शहर आहे, आणि बागा आखणाऱ्याला ते आठवतच नाही. खाऱ्या वाऱ्यात कोण टिकतं? उंडी, करंज, पारोसा भेंड, नारळ, केवडा. कोकणातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा. आणि आपण लावतो काय? परदेशी हिरवळ, जिला रोज पाणी हवं, आणि रंगीत पानांची कुंपणं. हिरवळ लावली की ती जपायची, म्हणून 'बसू नये'. ती पाटी हिरवळीतून उगवते, साहेब. सावलीचं झाड लावलं असतं तर खाली बसायला कुणी अडवलं नसतं.

गुलमोहर दिसतो सुंदर, पण मुळं वरवर पसरतात आणि लाकूड ठिसूळ. जूनच्या पहिल्या वादळात आडवा होतो. पर्जन्यवृक्षांना पिठ्या ढेकणाची कीड लागली तेव्हा वर्षानुवर्षांची सावली डोळ्यांदेखत वाळली. त्यात बुंध्यापर्यंत काँक्रीट. मुळाला हवा लागते, पाणी झिरपायला माती लागते, मीटरभर तरी उघडी ठेवा म्हणून सांगून जीभ झिजली. पदपथ 'नीट' दिसला पाहिजे म्हणून गळ्याशी पेव्हर ब्लॉक बसवतात, आणि झाड पडलं की वारा जोरात होता म्हणतात.

तीच गत खुल्या व्यायामशाळेची. समुद्रापासून शंभर पावलांवर साध्या लोखंडाची यंत्रं बसवायची आणि वर रंग फासायचा. दुसऱ्या पावसाळ्यात बेअरिंग जाम. तिसऱ्या पावसाळ्यात 'नादुरुस्त, वापरू नये'. पुन्हा 'नये'! किनाऱ्यावर ३१६ नंबरचं स्टेनलेस लागतं, ३०४ लासुद्धा खाऱ्या हवेत तांबूस डाग पडतात. महाग पडतं. पण दर तीन वर्षांनी नवं बसवणं स्वस्त पडतं का?

साळसूदसाहेब, लाल मातीबद्दल तुमचं खरं आहे. खेळाडूंना ती हवी असते, घसरून पडलं तर कमी लागतं. पण पावलांनी दळली की तिचं पीठ होतं. गवत लावायला जा, तर पंचवीस मॅचेसखाली ते जगत नाही. गवत जगवायचं तर मैदानाचा एकेक भाग आळीपाळीने बंद ठेवावा लागेल. ते कुणाला चालत नाही.

लेगबाय
सोमवार, दुपारी ३:२०

आळीपाळीने बंद! मोगराकाका, हे बोलू नका मोठ्याने, कोच लोक घरावर येतील.
(काका, पण 'पाटी हिरवळीतून उगवते' हे वाक्य मी वापरणार आहे.)

नकाशेवाला
सोमवार, रात्री ९:५०

सगळेजण असलेल्या बागांबद्दल बोलताय. नकाशावर असलेल्या आणि जमिनीवर नसलेल्या बागांबद्दल थोडं.

मुंबईचा २०३४ पर्यंतचा विकास आराखडा उघडा. मोकळ्या जागांवर दोन तऱ्हेच्या खुणा दिसतील. ईओएस म्हणजे आज अस्तित्वात असलेली, आरओएस म्हणजे आरक्षित, म्हणजे 'पुढे कधीतरी'. पुढचा १.४ म्हणजे खेळाचं मैदान, १.५ म्हणजे उद्यान. आपल्या घराजवळचा हिरवा तुकडा शोधा आणि त्याचा आकडा बघा. १.४ असेल आणि तिथे कारंजं, लॉन, 'चेंडू खेळू नये' असेल, तर मैदानाचं गुपचूप उद्यान झालंय. कट्टेकरी, भाच्याच्या त्या बागेचा आकडा आधी पाहा. १.४ निघाला तर तुमच्या हातात नुसत्या तक्रारीपेक्षा भक्कम काहीतरी आहे.

आरओएस असेल तर बहुतेक वेळा जागेवर झोपड्या, गॅरेज, एखादं गोदाम किंवा कोर्टकज्जा असतो. आरक्षण म्हणजे बाग नव्हे, बागेची इच्छा. जुन्या लोकांनी हे उलटं केलं होतं, आधी बाग आणि मग घरं. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. दादर-माटुंगा आखताना त्यांनी पाच गार्डनं मधोमध सोडली, कारण दाटी म्हणजे रोग हे नुकतंच मेलेल्या माणसांनी शिकवलं होतं. शिवाजी पार्कही १९२५ चं. तेव्हा ते माहीम पार्क होतं, १९२७ साली महाराजांच्या जन्माच्या त्रिशताब्दीला नाव बदललं. जेमतेम २८ एकर, आणि आज अर्धी मुंबई त्यावर क्रिकेट, सभा, दसरा आणि ६ डिसेंबर भागवते.

आता नव्या मोठ्या गोष्टी. महालक्ष्मी रेसकोर्सच्या साधारण २११ एकरांपैकी १२० एकर (साधारण ४९ हेक्टर) सार्वजनिक उद्यानासाठी, ९१ एकर क्लबकडे, असं २०२४ साली ठरलं. सागरी किनारा मार्गासाठी १११ हेक्टर भराव घातला, त्यातली सुमारे ७० हेक्टर मोकळी जागा म्हणून ठेवायची आहे. तिथे घरं-दुकानं उठवायची नाहीत, अशी अटच आहे. दोन्ही मिळून जवळजवळ ११९ हेक्टर. कागदावर डोळे दिपतात. २०११ च्या जनगणनेचे १ कोटी २४ लाख लोक धरून भागाकार केला तर माणशी किती वाढलं? एक चौरस फूट. फरशीचा एक तुकडा! आणि तो फूटही महालक्ष्मी-वरळीला. गोवंडीच्या पोराने तिथे जाऊन यायचं तर अर्धा दिवस गेला.

याचा अर्थ ते नको असं नाही. हवंच. पण पोराला रोज लागतं ते घरापासून दहा मिनिटांवर, आणि ते गल्लीतच मिळू शकतं.

एक ठरलेली चलाखीसुद्धा सांगतो. काही हिशेबांत बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान मोजतात आणि मुंबई एकदम हिरवीगार होते. १०४ चौरस किलोमीटरचं जंगल आहे ते. बिबट्याच्या घराला आपली बाग म्हणून मोजू नये. (हे 'नये' मात्र पाटीवर लिहायला हवं.)

आगाऊ_कार्ट
सोमवार, रात्री १०:०२

"बागेची इच्छा" हे माझ्या आयुष्याचं शीर्षक आहे.

कवठीचाफा
सोमवार, रात्री १०:३३

दत्तक योजनेबद्दल कुणी काही बोललं नाही अजून. सांभाळायला माणूस नाही, तर संस्थेला द्या, असं दर काही वर्षांनी पुढे येतं. २०१६ साली त्यावरून केवढा गदारोळ झाला होता, स्थगिती आली, दिलेले भूखंड परत घ्यायचे ठरलं. २०२३ मध्ये नवं धोरण आलं, पुन्हा वाद.

माझा अनुभव दोन्हीकडचा आहे. एका ठिकाणी रहिवाशांच्या गटाने उकिरड्याची सुंदर बाग केली. कुणाला अडवत नाहीत, वर्गणी काढून माळी ठेवतात. दुसरीकडे 'सांभाळणाऱ्यांनी' आत छोटंसं ऑफिस बांधलं, मग छोटंसं कँटीन, मग छोटीशी फी. फाटकावरचा माणूस कपडे बघून आत सोडतो. कुणी हाकललं असं सिद्ध करता येत नाही, पण कामवाल्या बाईच्या मुलाला कळतं ते बरोबर.

सुमीची_आई
सोमवार, रात्री १०:५१

+१०० शेवटच्या वाक्याला.

पाणबुड्या
मंगळवार, सकाळी ६:१५

तिन्ही बाजूंनी समुद्र आणि पोरांना पोहता येत नाही, असं शहर दुसरं दाखवा. समुद्रात शिकवावं तर भरती-ओहोटीची ओढ, गढूळ पाणी, पावसाळ्यात डंख मारणारे ब्लू बॉटल. म्हणजे तलावच हवा. सार्वजनिक तलाव आहेत, दादरचा, चेंबूरचा, कांदिवलीचा, मुलुंड-अंधेरीच्या संकुलांतले, पण शहराच्या मानाने किती? नोंदणी ऑनलाइन उघडते आणि चहा गार व्हायच्या आत भरते. सकाळी सहाच्या बॅचला माझ्या लेनमध्ये आठ जण असतात, एकामागे एक, लोकलच्या दारात उभं राहिल्यासारखे. चौथ्याने ब्रेस्टस्ट्रोक मारला की पाचव्याला लाथ.

अवांतर: ऑक्टोबर २०२३ मध्ये दादरच्या तलावात मगरीचं पिल्लू सापडलं होतं. दोन फुटी. लोक घाबरले. मला प्रश्न पडला, याला सभासदत्व कसं मिळालं?

आगाऊ_कार्ट
मंगळवार, सकाळी ६:४०

ऑनलाइन. पहाटे जागं होतं ते.

नातवंडांची_आजी
मंगळवार, सकाळी ११:२०

मुलांनो, एवढ्या तक्रारीत राणीच्या बागेचं नावच कुणी काढलं नाही!

आमच्या वेळी भायखळ्याला उतरून चालत जायचो. डबा असायचा बटाट्याच्या भाजीचा. आता आत पेंग्विन आहेत, २०१७ पासून, थंड खोलीत. तिकीट मोठ्यांना ५० रुपये झालं तेव्हा पोटात गोळा आला होता, पण आई-बाप आणि दोन मुलं मिळून १०० म्हणतात ते परवडतं. बुधवारी बंद, विसरू नका. मी एकदा विसरून माटुंग्याहून तीन नातवंडं घेऊन गेले होते.

नातवंडं पेंग्विनपाशी पळतात, मी झाडांपाशी. ही बाग १८६० च्या सुमाराची, म्हणजे झाडं पण तशी जुनी. तिथे ऊर्वशी आहे. फेब्रुवारीकडे लाल झुंबरं लोंबतात तिला. बघितली नसेल तर काय बघितलंत? शेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालय, त्याच्या आवारात घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती. नातू म्हणाला, आजी हा हलत कसा नाही. म्हटलं, दीडशे वर्षांपूर्वी हलवला होता, दमलाय.

आणि म्हातारीचा बूट, ते बुटाच्या आकाराचं घर! कमला नेहरू पार्क १९५२ चं. माझा मुलगा त्या बुटात अडकून रडला होता, परवा त्याच्याच मुलीने बुटाच्या खिडकीतून मला हात केला. समोरची हँगिंग गार्डन पाण्याच्या टाकीवर आहे हे तिला सांगितलं तर तिने जमिनीवर कान लावून पाहिला. आता तिथे जवळच झाडांमधून लाकडी पूल केलाय, पावणेपाचशे-पाचशे मीटरचा, २५ रुपये तिकीट. माझे गुडघे नाही म्हणाले, मी खाली बसले.

एवढंच सांगायचं होतं, की बाकाला पाठ हवी. नवीन बागांतले बाक नुसते कट्ट्यासारखे असतात. सत्तरीनंतर पाठ नसलेल्या बाकावर दहा मिनिटं बसून बघा.

हजारी_मोगरा
मंगळवार, दुपारी १२:०५

आजी, नमस्कार. पाठ नसलेले बाक मुद्दाम करतात. माणसाने आडवं होऊ नये म्हणून.

नातवंडांची_आजी
मंगळवार, दुपारी १२:३०

अरे देवा. झोपलं बिचारं कुणी तर झोपू दे की.

मिठीकाठ
मंगळवार, सायंकाळी ५:४४

धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान फार कमी जण बघतात. ३७ एकर, पूर्वीची कचराभूमी. कचऱ्यावर माती टाकून झाडं लावली, १९९४ साली खुलं झालं. मी शीवला राहतो, शाळेच्या सहलीत पहिल्यांदा गेलो. बाईंनी सांगितलं, तुमच्या पायाखाली कचरा आहे. आम्ही सगळे उड्या मारायला लागलो, खाली आवाज येतो का बघायला. आत फुलपाखरं, मागे मिठी. कुठली मिठी ते नाकालाच कळतं.

ते मनोरंजनाचं उद्यान नाही, झोपाळे नाहीत. पण मला तिथेच पहिल्यांदा कळलं की मुंबईत शांतता पण मिळते.

साळसूद
मंगळवार, रात्री ८:१०

मोगरासाहेब, तुमचं हजेरीपटाचं वाचल्यापासून डोक्यात तेच आहे. माझ्या मैदानाचाही प्रश्न तोच निघाला. रात्री दहानंतर ते कुणाच्याच हजेरीपटावर नाही. दुपारी माणूस नाही म्हणून बागेला कुलूप, आणि रात्री माणूस नाही म्हणून मैदान सताड उघडं. दोन्हीकडे माणूसच कमी.

सुमीच्या आईंनी मुलींसाठी वेळ बांधून घेतली, तशी मला रात्रीची वेळ बांधून हवी आहे. दहानंतर दिवे बंद. त्याआधी किती का खेळेनात. काचेच्या जागी मी जाळी लावून घेतो, स्वखर्चाने.

लेगबाय
मंगळवार, रात्री ८:२५

साळसूदराव, जाळीचा अर्धा खर्च माझा. मी गंभीरपणे म्हणतोय. मैदानाच्या कडेला उंच जाळी हा खर्च तसा मैदानानेच करायला हवा, पण तोवर.

कट्टेकरी
बुधवार, रात्री ९:१८

अपडेट देतो.

नकाशेवाल्यांच्या सांगण्यावरून आराखडा काढला. आमच्या 'बागे'चा आकडा १.४. म्हणजे कागदोपत्री ते खेळाचं मैदानच आहे! कारंजं कधी आलं, 'चेंडू खेळू नये' कुणी लिहिलं, ते माहितीच्या अधिकारात विचारलंय. मार्च २०२२ नंतर बराच काळ महापालिकेत नगरसेवकच नव्हते, त्यामुळे कुणाच्या काळात झालं यावर गल्लीत तीन मतं आहेत. (राजकारण नको म्हणालो होतो. मागे घेतो.)

पण मजा पुढे आहे. आज दुपारी पुन्हा फाटकाशी उभे होतो. भाच्याने शेजारच्या इस्त्रीवाल्या काकांना विचारलं, हे कधी उघडतं? काकांनी कोळशाची इस्त्री बाजूला ठेवली, खुंटीवरून किल्ली काढली आणि उघडून दिलं. माळी दुपारी निघताना किल्ली त्यांच्याकडे ठेवून जातो, संध्याकाळचा रखवालदार तिथून उचलतो. म्हणजे मधले तीन तास बाग इस्त्रीवाल्या काकांच्या हजेरीपटावर आहे, फक्त पगाराविना. आम्ही दीड तास आत होतो. चेंडू खेळलो. कारंज्याच्या कोरड्या हौदात स्टंप.

जाताना काकांनी भाच्याला बजावलं, "चारच्या आत बाहेर, नाहीतर माझी किल्ली जाईल."

सुमीची_आई
बुधवार, रात्री ९:२६

सावली आहे का आत? बाक? आमच्या मावशींना सांगू का?

कट्टेकरी
बुधवार, रात्री ९:३०

एक करंज आहे, मोठा. खाली पाठ असलेला बाक. आजी, तुमच्यासाठी बघूनच आलो.

साळसूद
बुधवार, रात्री ९:४१

विनंती आहे, बागेचं नाव उघड लिहू नका. उद्या शंभर माणसं किल्ली मागायला जातील आणि त्या काकांची पंचाईत होईल.

कट्टेकरी
बुधवार, रात्री ९:४३

नाही लिहिलं. लिहिणारही नाही.

लेगबाय
बुधवार, रात्री ९:४४

मग व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

पाणबुड्या
बुधवार, रात्री ९:४४

मलाही व्यनि.

आगाऊ_कार्ट
बुधवार, रात्री ९:४५

मला पण. काच फोडणार नाही, वचन.

नातवंडांची_आजी
बुधवार, रात्री ९:५८

व्यनि कसा बघायचा रे?